प्रसादाचं कार्ड

आमच्याकडे क्रेडिट कार्ड प्रसाद म्हणून मिळालं. थट्टा नाही करत. बसवजयंतीच्या दिवशी हुमनाबादच्या गोदामात, पितळेच्या ताटात, वर भस्माची तीन बोटं ओढलेली अशी कार्डं आम्हा सगळ्यांना वाटली गेली. आम्ही ती दोन्ही हातांनी घेतली आणि डोळ्यांना लावली. प्रसादाच्या मागे बारीक अक्षरात काय छापलंय ते कोण वाचत बसतं? पेढा घेताना कधी कुणी विचारलंय का, ह्याच्या अटी काय म्हणून?

आमची कंपनी बियाण्यांची आणि पिकावरच्या औषधांची. बीदर आणि कलबुर्गी, दोन्ही जिल्ह्यांत माल जातो. मालकांचं नाव बसवप्रभु, पण त्यांना नावानं कुणी बोलावत नाही, सगळे अप्पाच म्हणतात. बाजारातल्या एका खताच्या दुकानापासून त्यांनी एवढं उभं केलं. कंपनी हा शब्द त्यांना आवडत नाही. घर म्हणा, म्हणतात. मी ह्या घरात फील्ड ऑफिसर आहे. नाव शैलश्री, माहेर निर्णा, सासर दुबलगुंडी, आणि पोट हुमनाबादला. स्कूटीवरून भालकीपासून पार आमच्या बीदरकडच्या मेहकरपर्यंत दुकानदारांकडे आणि शेतांवर हिंडते. तूर वाळली की शेतकरी मला शिव्या देतात आणि पिकली की देवाला नारळ फोडतात. त्याचं मला काही वाटत नाही. धंदा असाच असतो.

काम हीच पूजा, असं अप्पा मानतात. म्हणून बसवजयंतीला ज्याचं त्याचं कामाचं सामान पूजेला मांडायची रीत त्यांनीच घातली. वजनकाटा, गोदामाच्या किल्ल्या, हिशेब बघणाऱ्या तिप्पण्णांचा कॅल्क्युलेटर, माझ्या स्कूटीची चावी. पूजा झाली की अप्पा एकेकाचं नाव घेऊन ज्याचं त्याला परत देतात आणि मग हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, जेवण होतं. त्या वर्षी चावीबरोबर ते कार्डही हातात पडलं. त्याआधी बँकेचा एक पोरगा येऊन आमची आधार आणि पॅन कार्डं घेऊन गेला होता, सह्याही घेतल्या होत्या. कशाला, ते विचारायचं आमच्या मनातसुद्धा आलं नाही. अप्पांनी सांगितलंय म्हटल्यावर विचारणं म्हणजे घरात जेवायला बसून आमटीत काय घातलंय ते विचारण्यासारखं.

कार्डावर माझं नाव उठावाच्या अक्षरात होतं. खरं सांगते, मला बरं वाटलं. मी ते घरी आणून आठ दिवस देवळीत ठेवलं.

आता माझ्या नावाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचा माझा राग कुणाला कळायचा नाही. वडिलांची निर्ण्याची जमीन भावांच्या नावावर झाली. नावावर असलं काय, नसलं काय, माहेर तुझंच की, असं सगळे म्हणाले आणि मी हक्कसोडपत्रावर सही केली. दुबलगुंडीचं घर सासऱ्यांच्या नावावर. स्कूटीचे हप्ते मी भरले, पण ती नवऱ्याच्या नावावर. फोनचं सिम भावाच्या आधारवर निघालेलं. एवढ्या सगळ्या घरांची मी माणूस होते आणि कागदावर कुठंच राहत नव्हते.

म्हणून शकुबाईंनी घर विकायचं काढलं तेव्हा माझा जीव त्यात अडकला. शकुबाई आमच्या घरमालकीण. दोन खोल्या, पुढं अंगण, मागं पाण्याची टाकी. आम्ही तिथं लग्नानंतर भाड्यानं आलो ते तिथंच राहिलो. म्हातारीला लातूरला लेकाकडे जायचं होतं. तिनं मला साफ सांगितलं, येत्या बसवजयंतीपर्यंत थांबते, तुला जमलं तर तुला, नाहीतर शेजारच्या भुसार व्यापाऱ्याला देते, त्याला तिथं माल ठेवायला जागा हवीच आहे. मी इसार दिला. कर्ज माझ्या पगारावर काढायचं आणि घर माझ्या नावावर करायचं, हे मी मनात पक्कं केलं होतं आणि नवऱ्यालाही सांगितलं होतं.

संक्रांत झाल्यावर बँकेत गेले. कर्जाचं काम बघणारी विजयश्री नावाची मुलगी होती, वयानं माझ्याहून लहान, पण बोलायला स्वच्छ. तिनं माझा पॅन नंबर घातला, स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, तुमचं कार्ड थकलंय, मॅडम. मी म्हटलं, कार्ड माझं नाही, कंपनीचं आहे. तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. कार्ड माझ्याच नावावर होतं. डिझेल, दुकानदारांची जेवणं, कलबुर्गीच्या लॉजची बिलं, मेळाव्याच्या मंडपाचं भाडं, सगळं मी कंपनीसाठी खर्चलेलं. आणि दिवाळीपासून ते कुणी भरलं नव्हतं.

विजयश्रीनं समजावून सांगितलं. कार्डं दोन तऱ्हेची असतात. एकात देणं कंपनीचं असतं. दुसऱ्यात कार्ड कंपनी देते, बिलही बहुतेक वेळा कंपनीच भरते, पण देणेकरी म्हणून सही असते नोकराची. आमचं दुसऱ्या तऱ्हेचं होतं. "कर्जफेडीची असली नोंद, असलं सिबिल घेऊन कर्ज होणार नाही," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावावर काही लागलं होतं, आणि लागली ती थकबाकी.

तिथून मी तडक तिप्पण्णांकडे गेले. साधा माणूस, खोटं बोलता येत नाही. त्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. कंपनीवर आधीच कर्जं होती, म्हणून कार्डाच्या बँकेनं कंपनीच्या नावावर कार्डं द्यायला नकार दिला. तुमच्या माणसांची नावं स्वच्छ आहेत, त्यांच्या नावावर देतो, असं बँकेचा माणूस म्हणाला. अप्पांना त्यात वावगं वाटलं नाही. आणि सगळी बिलं एका जागी यावीत म्हणून आमच्या सगळ्यांच्या फॉर्मवर फोन नंबर ऑफिसचा आणि ईमेलही ऑफिसचा घातला होता. गेल्या हंगामात तुरीवर मर रोग पडला, दुकानदारांकडे उधारी अडकली. अप्पांनी आमचे पगार दिले आणि कार्डांची बिलं मागं ठेवली. बँकेचे निरोप तिप्पण्णांच्या टेबलावरच्या फोनवर येत राहिले. त्यांनी अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, पोरांना कशाला उगाच काळजीत टाकायचं, भरू की.

संध्याकाळी नवऱ्याच्या दुकानात गेले. सिद्धेश्वर त्यांचं नाव, बसस्टँडजवळ बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान आहे. माणूस चांगला. माझं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि मग जो उपाय सांगितला तो अगदी सोपा होता.

"माझ्या नावावर काढू. माझं साफ हाय. हप्ता तूच भर."

"आन् घर?"

"माझ्या नावावर व्हईल की. कुणाच्या नावावर हाय त्यानं काय व्हतंय? राहायचं तर दोघांनीच हाय."

वाईट हेतूनं नाही बोलले ते. त्यामुळंच मला जास्त राग आला. वाईट माणसाशी भांडता येतं. मी चहा तसाच ठेवला आणि म्हटलं, काहीच होत नसेल तर माझ्या नावावर होऊ द्या. त्यावर ते हसले, मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. बसवजयंतीपर्यंत माझं नाव धुऊन निघालं तर घर माझ्या नावावर, नाहीतर त्यांच्या, असं आमचं ठरलं. शकुबाईचं घर व्यापाऱ्याला जाऊ द्यायचं नाही, यावर दोघांचं एकमत होतं.

विजयश्रीकडे पुन्हा गेले. तिनं वाट सांगितली. आधी थकलेली रक्कम भरली गेली पाहिजे. मग कंपनीनं लिहून द्यायचं की हा खर्च कंपनीचा, भरायची जबाबदारी कंपनीनं घेतली होती, आणि फोन-ईमेल कंपनीचे असल्यामुळं बाईला काही कळलं नाही. कुणाला थकबाकीदार म्हणून सिबिलला कळवायच्या आधी त्या माणसाला तसं सांगायला कार्डाची बँक बांधलेली आहे. निरोप माझ्यापर्यंत पोचलाच नाही, हे दाखवता आलं तर नोंद दुरुस्त करून मागायचा मला हक्क आहे. तो हक्क शब्द तिनं इतक्या सहज वापरला, जणू मीठ द्या म्हणाली.

अप्पांच्या घरी मी रविवारी गेले. ऑफिसात बोलायची ही गोष्ट नव्हती. ते झोपाळ्यावर बसले होते. बायको मल्लेश्वरी, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, आत शेंगा भाजत होत्या. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. पैसे ह्याच महिन्यात भरतो म्हणाले, आणि त्यांनी ते खरंच भरले, हे आधीच सांगून टाकते. पण लिहून द्यायला ते तयार होईनात. कागद बँकेत गेला की बँक सगळ्यांची कार्डं बंद करेल, मग पोरं फिरणार कशावर, हंगाम तोंडावर आलाय. त्यांचं तेही खोटं नव्हतं.

"शैलव्वा, तू मला लेकीसारखी. घरातलंच हाय की हे. तुझ्या नावावर का माझ्या नावावर, काय फरक पडतंय?"

तेच वाक्य. नवऱ्याच्या दुकानातून उठून ते माझ्या आधी इथं येऊन बसलं होतं.

"अप्पा, घरातलं म्हणताव, मंग घरातल्या माणसाला सांगून करावं की. मला कामून सांगितला न्हाईत?"

"कुणालाच सांगितलं न्हाई. सगळं म्याच बघतो."

अक्का चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. मला नक्की काही माहीत नव्हतं, मी बोलायला नको होतं, पण माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या हुमनाबादला माहीत आहे.

"अक्काला तर ठाव हाय का, अक्काच्या नावावर काय काय हाय ते?"

अक्का तिथंच उभ्या राहिल्या. अप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही, अक्कांकडेही नाही. म्हणाले, चहा घे, निवायलाय. मी चहा घेतला. पिऊन निघाले.

परतताना मला माझीच भीती वाटली. नोकरी गेली असं धरूनच चालले होते. घराचा नाद सोडावा आणि नवऱ्याचं ऐकावं, असंही मनात येऊन गेलं. रडलेही थोडी, घरी न जाता गावाबाहेर स्कूटी थांबवून. तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं म्हणून.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी माझ्या दारात रिक्षा थांबली आणि अक्का उतरल्या. एकट्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याकडे कधी आल्या नव्हत्या. कुठं जायचं तर अप्पांच्या गाडीतून, अप्पांबरोबर. मी पाणी दिलं. त्यांनी पर्समधून पॅन कार्ड काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं, आणि माझ्यासमोर धरलं.

"माझं बी बघ की गं."

वर्षातून एकदा आपला सिबिलचा अहवाल फुकट बघता येतो, हे मला विजयश्रीनं शिकवलं होतं. अक्कांच्या फोनवर नंबर आला, तो त्यांनी एक एक आकडा करून वाचला. अहवाल उघडला. माझा एका पानात संपला होता. अक्कांचा खाली सरकवत राहिले तरी संपेना. गोदामाचं कर्ज. दोन ट्रक. दुकानाची उचल. अप्पांची गाडी. भालकीच्या जागेचं कर्ज. सोन्यावरचं कर्ज. त्यातली दोन खाती थकलेली होती.

मी वाचत होते, त्या ऐकत होत्या. सोन्यापाशी त्यांनी मला थांबवलं. हात गळ्याशी गेला होता. लॉकरमध्ये सोनं आहे असं त्यांना वाटत होतं. मी पुन्हा वाचावं म्हणाल्या, सावकाश. मी पुन्हा वाचलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

"म्या आजपर्यंत समजायलते, माझ्या नावावर कायबी न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हणून सही करताना कधी विचारलंच न्हाई."

त्यांनी चहा सगळा प्याला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला. मग मला विचारलं की तुला अप्पांकडून काय लिहून पाहिजे होतं. मी तो मजकूर विजयश्रीच्या सांगण्यावरून टाइप करून ठेवला होता, त्यांना दिला. त्यांनी तो पॅन कार्डाच्याच पिशवीत घातला आणि गेल्या.

त्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. तिप्पण्णा एवढंच म्हणाले की अप्पा दोन दिवस दुपारचं जेवण ऑफिसात मागवायलेत आणि घरून फोन आला तर उभं राहून बोलायलेत. तिसऱ्या दिवशी तिप्पण्णांनी मला कागद आणून दिला. कंपनीचा शिक्का, अप्पांची सही. आणि माझा एकटीचा नव्हता, ज्याच्या ज्याच्या नावावर कार्ड होतं त्या प्रत्येकाचा वेगळा होता.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. अप्पा म्हणाले होते तेच झालं, बँकेनं कार्डं बंद केली. आता सगळे डिझेल खिशातून घालतात आणि पैसे परत मिळेपर्यंत माझ्या नावानं बोटं मोडतात. तानाजी म्हणून आमचा कलबुर्गीकडचा फील्ड ऑफिसर आहे, तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मग त्याच्या भावाची लग्नाची खरेदी हप्त्यावर करायची वेळ आली, दुकानदारानं त्याचं सिबिल बघितलं, आणि तो कागद शोधत माझ्याकडे आला. मी त्याला आधी चांगलं सुनावलं आणि मग अर्ज लिहून दिला.

माझ्या अर्जाला कार्डाच्या बँकेचं पहिलं उत्तर आलं ते छापील, तुमची गैरसोय झाली त्याबद्दल खेद वाटतो छापाचं. मी दुसरं पत्र लिहिलं आणि शेवटी घातलं की आता बँकांच्या लोकपालाकडे जाईन. मग जे उत्तर आलं ते माणसानं लिहिल्यासारखं होतं. नोंद दुरुस्त झाली. विजयश्रीनं स्वतःहून फोन केला, मॅडम, फाइल उघडली, कर्ज होतंय. तेव्हा मी मेहकरच्या एका शेतात तुरीच्या फणकटाच्या ढिगावर बसले होते. त्या शेतकऱ्याला वाटलं, माझं कुणीतरी गेलं. एवढी मी रडले.

बसवजयंतीला गोदामात पूजा झाली. पूजेला वजनकाटा होता, किल्ल्या होत्या, कॅल्क्युलेटर होता. कार्ड एकही नव्हतं. अक्का दरवर्षी स्वयंपाकाकडे असतात, ह्या वेळी अप्पांच्या शेजारी पाटावर बसल्या होत्या. अप्पांनी माझं नाव घेतलं, चावी माझ्या हातावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझीच हाय का, बघून घे." मी बघितलं. माझीच होती. वाकून नमस्कार केला. माझा त्यांच्यावरचा राग गेला नाही आणि त्यांच्यावरची मायाही गेली नाही, दोन्ही एकाच जागी राहतात, दाटीवाटीनं.

बसवजयंतीची सुट्टी, म्हणून खरेदीखत दुसऱ्या दिवशी झालं. शकुबाई नवं लुगडं नेसून आली होती. नोंदणीच्या कचेरीतल्या कारकुनानं मला दोनदा विचारलं, एकटीच्याच नावावर का? मी दोनदा हो म्हटलं. तिसऱ्यांदा त्यानं सिद्धेश्वरांना विचारलं. ते साक्षीदार म्हणून उभे होते. ते म्हणाले, "तिला विचारा की, घर तिचं हाय." हे ते स्वतःहून म्हणाले, मी शिकवलं नव्हतं.

घरी आलो. शकुबाईनं किल्ली माझ्या हातात दिली आणि लेकाच्या गाडीत बसून लातूरला गेली. आम्ही दोघं अंगणात उभे राहिलो. तेच अंगण, तीच टाकी. सिद्धेश्वर उगाच भिंतीवरून हात फिरवत होते.

"म्हणजे आता म्या तुझा भाडेकरू झालो की," ते म्हणाले.

"भाडं येळेवर द्या मंग," मी कुलूप काढत म्हटलं. "थकलं तर तुमच्याच नावावर लागंल."

ते हसले. मग हसता हसता थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. दार उघडून मी आधी आत गेले.